घाटातले वळण आणि शर्यतीतले वळण

घोटी सोडून सहलीची बस भंडारदऱ्याच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात डोंगर जवळ येऊ लागतात. एका बाजूला कळसूबाईची रांग उभी राहते, रस्ता बारीकडे चढू लागतो आणि वळणांमागून वळणे येतात. बस उजवीकडे वळली की गाणी म्हणणारी मुले डावीकडे कलंडतात, डावीकडे वळली की उजवीकडे. खिडकीशी बसलेल्याच्या अंगावर शेजारी रेलतो, हसणे-खिदळणे होते. अशा वेळी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, आपली बस तीसच्या वेगाने चालली तरी आपण इतके फेकले जातो, मग टीव्हीवरच्या शर्यतीतले ड्रायव्हर दीडशेच्या वेगाने कसे वळतात?"

प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर शोधताना वर्तुळाकार गती, घर्षण, ऊर्जा आणि गुरुत्वमध्य ही सारी प्रकरणे एकत्र येतात. हे उत्तर ज्याला पुरते कळले नाही, त्याने घाटात गाडी चालवणे धोक्याचेही आहे. म्हणून या लेखात आपण एका निवृत्त शर्यतपटूची कारकीर्द आणि भंडारदऱ्याचा रस्ता शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत.

वळायला बल लागते

गतिमान वस्तू सरळ रेषेत जाऊ पाहते, हा न्यूटनचा पहिला नियम. बस वळते तेव्हा मुलांना बाहेर ढकलणारे कोणी नसते. त्यांची शरीरे आधीच्याच दिशेने जात असतात आणि त्यांच्याखालून बस वळलेली असते. मग बसला तरी कोण वळवते? स्टिअरिंग फक्त पुढची चाके तिरपी करते. वळणाच्या केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल मिळते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. अशा चार तळहातांवर मोटारीचे वळणे अवलंबून असते.

वस्तुमान m, वेग v आणि वळणाची त्रिज्या r असेल तर लागणारे बल mv²/r इतके असते. सपाट रस्त्यावर घर्षण जास्तीत जास्त μmg इतके बल देऊ शकते. येथे μ हा घर्षण गुणांक. दोन्ही समान धरली की m दोन्हीकडून जातो आणि उरते v² = μgr. हाच त्या वळणाचा कमाल वेग.

आता आकडे घालू. घाटातल्या अवघड वळणाची त्रिज्या २० मीटर धरू. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी μ सुमारे ०.८ धरला तर कमाल वेग येतो सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. ओल्या रस्त्यावर μ निम्मा, म्हणजे ०.४ झाला तर हाच वेग ताशी ३२ किलोमीटरवर येतो. ताशी ४० ने जाणारी गाडी कोरड्यात सुखरूप वळेल, पण पाऊस पडून गेल्यावर त्याच वळणावर तिचा चालक कितीही कुशल असला तरी वळणार नाही. रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवली तर ही मर्यादा थोडी वाढते, पण ती संपत नाही.

शर्यतीतला चालक या मर्यादेच्या पलीकडे जातो, असा अनेकांचा समज असतो. तो जात नाही, जाऊ शकतच नाही. तो मर्यादेच्या अगदी काठावर राहतो, आणि काठ कोठे आहे हे ओळखणे हेच त्याचे कसब. शर्यतींच्या मार्गावरील वळणांची त्रिज्याही बऱ्याचदा मोठी असते. २०० मीटर त्रिज्येच्या वळणासाठी वरच्याच सूत्राने कोरड्यात ताशी सुमारे १४० किलोमीटर वेग येतो. टायर खास असल्याने त्यात आणखी भर पडते.

घरच्यासारख्या गाड्यांची शर्यत

मोटारशर्यतींचे अनेक प्रकार आहेत. उघड्या चाकांच्या, बाणासारख्या दिसणाऱ्या फॉर्म्युला गाड्या सर्वांना माहीत असतात. टूरिंग कार हा प्रकार वेगळा. यात बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरच आधारलेल्या मोटारी धावतात. आतल्या खुर्च्या व शोभेच्या वस्तू काढून टाकतात, उलटल्यास चालक चिरडला जाऊ नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात, इंजिन, ब्रेक आणि टायर सुधारतात. पण बाहेरून गाडी ओळखू येते.

आपल्याकडे याला सलून कारची शर्यत म्हणतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मार्गावर अशा राष्ट्रीय स्पर्धा होतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथे एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद पुण्याच्या डायना पुंडोले यांनी मिळवले. आमच्या वाचकांना आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट अशी, की त्या पेशाने शिक्षिका आहेत.

या प्रकारात दीर्घकाळ टिकलेल्या खेळाडूंपैकी एक म्हणजे इटलीचे गाब्रिएले तार्क्विनी. ते २०२१ च्या मोसमाअखेर, वयाच्या ५९ व्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची कारकीर्द पाहिली तर तिच्या प्रत्येक टप्प्यावर पदार्थविज्ञानाचा एकेक धडा सापडतो.

चाळीस वेळा अपयश

तार्क्विनी यांचा जन्म २ मार्च १९६२ रोजी एड्रिएटिक समुद्रकाठच्या जुलियानोव्हा गावी झाला. सुरुवात झाली ती कार्टपासून. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसून चालवायची छोटी, साधी गाडी. १९८७ मध्ये ते फॉर्म्युला वनमध्ये आले. तेथे ओसेला, कोलोनी, एजीएस, फॉन्डमेटल अशा लहान व गरीब संघांच्या गाड्या त्यांच्या वाट्याला आल्या. त्या काळी गाड्या इतक्या असत की मुख्य शर्यतीआधी पात्रता फेऱ्या घ्याव्या लागत. १९९५ पर्यंत एकूण ७८ वेळा त्यांचे नाव नोंदले गेले, आणि त्यांतल्या ४० वेळा त्यांना शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंतही पोहोचता आले नाही. सगळ्या वर्षांची कमाई एक गुण, १९८९ च्या मेक्सिकोतील शर्यतीत सहावा क्रमांक आल्याबद्दल.

हाच माणूस पुढे टूरिंग कारमध्ये जागतिक विजेता झाला. चालक तोच होता, बदलले होते ते वाहन. वेगाची मर्यादा टायर, यंत्र आणि रस्ता ठरवतात. त्या मर्यादेपर्यंत पोहोचणे एवढेच चालकाच्या हाती असते. मर्यादाच खाली असेल तर धाडस ती वर नेऊ शकत नाही. घाटात जुनाट टायरच्या गाडीने नव्या गाडीशी बरोबरी करू पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

१९९४ : पंखाचा वाद

१९९४ मध्ये तार्क्विनी अल्फा रोमिओ १५५ ही गाडी घेऊन ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत उतरले आणि मोसमाच्या सुरुवातीच्या शर्यती सलग जिंकले. गाडीला पुढे खाली एक पट्टी आणि मागे उंचावलेला पंख होता. हे भाग पुढे-वर सरकवून बसवण्याची सोय विक्रीच्या गाडीबरोबर दिलेली होती, त्यामुळे ते नियमात बसते असे कंपनीचे म्हणणे. प्रतिस्पर्धी संघांनी तक्रार केली. ओल्टन पार्क येथे वाद इतका वाढला की अल्फा रोमिओ संघ तेथून निघून गेला. पुढे तडजोड झाली, तार्क्विनी यांनी विजेतेपद मिळवले आणि १९९५ पासून असे पंख सर्वांनाच लावता येऊ लागले.

एका पंखावरून एवढे रण का माजले? विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमानाला वर उचलतो. मोटारीचा पंख त्याच्या उलट बसवलेला असतो, तो गाडीला खाली दाबतो. घर्षण चाकांवरील दाबावर अवलंबून असते, पण वळण्यासाठी लागणारे बल वस्तुमानावर. गाडीत पोती भरली तर दोन्ही वाढतात आणि फायदा होत नाही. हवेने दाबले तर दाब वाढतो, वस्तुमान वाढत नाही, म्हणून वळणातील वेग वाढतो.

मात्र हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ताशी १५० किलोमीटरला मिळणारा दाब ताशी ३० ला किती राहील? वेग पाचपट कमी, म्हणून दाब पंचवीसपट कमी. सुट्टीच्या दिवशी भंडारदऱ्याला येणाऱ्या काही गाड्यांच्या मागे हौसेने बसवलेले पंख दिसतात. घाटाच्या वेगात त्यांचा उपयोग शोभेपुरताच.

विजयाचे ओझे

२००३ मध्ये तार्क्विनी युरोपीय टूरिंग कार विजेते झाले आणि २००९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, सेआट लिऑन या डिझेलवर चालणाऱ्या गाडीतून जागतिक विजेते. या स्पर्धांतील एक नियम मोठा गमतीचा आहे. चांगली कामगिरी करणाऱ्याच्या गाडीत पुढच्या वेळी जादा वजन ठेवतात, म्हणजे चुरस टिकते.

येथे चलाख विद्यार्थी हरकत घेईल, "कमाल वेगाच्या सूत्रातून m गेला होता, मग वजनाने काय बिघडते?" हरकत योग्य आहे. पण शर्यत केवळ वळणांत होत नाही. इंजिनाचे बल तेच राहून ११५० किलोच्या गाडीत ५० किलो भर पडली तर त्वरण सुमारे ४ टक्क्यांनी घटते. ब्रेकांना जास्त ऊर्जा शोषावी लागते, टायर लवकर तापतात व झिजतात. शिवाय आपले सूत्र थोडे आदर्श आहे. प्रत्यक्षातील रबरी टायरवर भार वाढवला की घर्षण वाढते, पण त्या प्रमाणात नाही. त्यामुळे जड गाडी वळणातही किंचित मागे पडते.

वजन किती यापेक्षा ते कोठे, हा प्रश्न सहलीच्या बससाठी फार महत्त्वाचा आहे. चाकांमधील अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.३ मीटर उंच असेल तर बस उलटण्यासाठी लागणारे त्वरण गणिताने ०.७७ g येते. टपावर सामान चढवून गुरुत्वमध्य १.६ मीटरवर गेला तर ते ०.६३ g होते. कोरड्या रस्त्याचे घर्षण ०.८ g पर्यंत बल देऊ शकते. याचा अर्थ बस घसरण्याच्या आधी उलटेल. शर्यतीची गाडी बुटकी व रुंद असल्याने बहुधा आधी घसरते, आणि घसरणारी गाडी सावरायला थोडी संधी तरी मिळते. म्हणून जड सामान टपावर न चढवता खाली ठेवावे.

घर्षणाचा एकच पगार

शर्यतपटू वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच जोराने ब्रेक लावतो आणि जसजसे स्टिअरिंग वळवतो तसतसा ब्रेक सोडत जातो. कारण टायरजवळ घर्षणाची शिल्लक एकच असते. पगार एक आणि खर्च दोन, घरभाडे आणि किराणा, असा हा प्रकार. वळण्यात ८० टक्के बल खर्च झाले तर ब्रेकसाठी ६० टक्केच उरते. (बेरीज १४० येते, याचे नवल वाटू देऊ नका. दोन्ही बले काटकोनात असल्याने पायथागोरसचा सिद्धांत लागू होतो : ०.८² + ०.६² = १.) वळणात सगळेच बल खर्ची पडले असेल आणि घाबरून ब्रेक दाबला, तर चाके घसरतात. त्यामुळे 'वेग कमी करायचा तो वळणाआधी' हा नियम शर्यतीत आणि घाटात सारखाच लागू आहे.

शर्यतपटूची दुसरी एक युक्ती मात्र घाटात चालत नाही. तो बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, मध्ये आतल्या कडेला टेकतो आणि पुन्हा बाहेर पडतो. त्यामुळे त्याच्या मार्गाची त्रिज्या वाढते. २० ची ३० मीटर झाली तर कमाल वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. शर्यतीच्या मार्गावर समोरून कोणी येत नसते. घोटी-भंडारदरा रस्त्यावर मात्र त्याच वळणाआडून दुधाचा टेम्पो किंवा एस. टी. येत असते. शर्यतीतली रेषा घाटात घेणे म्हणजे दुसऱ्याच्या बाजूवर जाणे. शर्यतीच्या मार्गाकडेला चूक पोटात घालण्यासाठी मोकळी जागा, खडी आणि टायरांचे ढीग असतात. घाटात एकीकडे कातळ असतो आणि दुसरीकडे दरी. म्हणून जे शर्यतीत कसब, तेच घाटात अविचार ठरते.

उतार आणि पाऊस

परतीच्या प्रवासात प्रश्न ऊर्जेचा असतो. बारा टनांची बस कसाऱ्याच्या घाटात ३०० मीटर खाली उतरते असे धरू. तिची स्थितिज ऊर्जा mgh सुमारे साडेतीन कोटी जूलने कमी होते. ही सगळी ब्रेकमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर काढायची ठरवली तर तेवढ्या उष्णतेने ११० लिटरहून अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. ब्रेक अतिशय तापले की त्यांचे घर्षण घटते आणि पाय दाबूनही गाडी थांबेनाशी होते. शर्यतीच्या गाडीत ब्रेकवर थंड हवा खेळवण्यासाठी खास वाटा ठेवतात. घाटात साधा उपाय म्हणजे खालच्या गिअरमध्ये उतरणे. मग बरीचशी ऊर्जा इंजिन शोषते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा चालक हा सारा भार एकट्या ब्रेकांवर टाकत असतो.

भंडारदऱ्याला सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती पावसाच्या तोंडावर. मे अखेर ते जूनच्या पूर्वार्धात तेथील झाडे रात्री काजव्यांनी लखलखतात. ते पाहायला मुंबई, पुणे, नाशिककडून गाड्यांची रीघ लागते. नेमका हाच वळवाचा आणि पहिल्या पावसाचा काळ. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि रबराचा चुरा पाण्यात मिसळून एक बुळबुळीत थर तयार होतो. चांगला धो धो पाऊस पडून रस्ता धुतला गेला की तो थर जातो. म्हणून पहिली सर अनेकदा पुढच्या सरींपेक्षा फसवी असते. नंतर भाताच्या लावणीत खाचरांतून निघणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येतो, तोही असाच.

शर्यतीत कोरड्या दिवशी बिनखाचांचे गुळगुळीत टायर वापरतात, कारण रबराचा जास्त भाग रस्त्याला टेकतो. पाऊस आला की ते बदलून खाचांचे टायर बसवतात. खाचांतून पाणी बाहेर पडले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. आपल्या गाडीचे झिजून गुळगुळीत झालेले टायर शर्यतीच्या टायरसारखे दिसतात, पण आपण पावसात ते बदलायला थांबत नाही.

छप्पन्नाव्या वर्षी

२०१८ मध्ये तार्क्विनी यांनी ह्युंदाई आय-३० घेऊन टूरिंग कारचा जागतिक चषक जिंकला. अंतिम शर्यती मकावच्या अरुंद रस्त्यांवर झाल्या. त्यांचे वय होते ५६, आणि त्यांनी तीन गुणांनी मागे टाकलेले इव्हान म्युलर हेही अनुभवी व मुरलेले चालक होते. वयाबरोबर माणसाची प्रतिक्रिया मंदावते. मग पन्नाशी ओलांडलेला माणूस तरुणांच्या पुढे कसा जातो?

हे समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करावा. एकाने फूटपट्टी उभी धरावी, दुसऱ्याने तिच्या शून्याजवळ चिमूट उघडी ठेवावी. न सांगता पट्टी सोडली की दुसऱ्याने ती पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर s = ½gt² या सूत्राने वेळ ०.२ सेकंद येतो. आता हाच प्रयोग एक, दोन, तीन मोजून, तीनला पट्टी सोडून करावा. पट्टी खूपच आधी पकडली जाईल. हाताचा वेग वाढलेला नसतो, पुढे काय होणार ते ठाऊक असते.

अनुभवी चालकाचे सामर्थ्य याच दुसऱ्या प्रकारात आहे. तो बंपरसमोर न पाहता पुढच्या वळणाकडे पाहतो. आपल्या घाटातील जुने एस. टी. चालक हेच करतात. झाडीतून दिसलेला दिव्याचा उजेड, वळणाआडून आलेला हॉर्न, रस्त्यावर पडलेले ताजे शेण यावरून समोर काय आहे ते त्यांना आधीच कळते. अनपेक्षित अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंदभर सहज जातो. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. नंतर थांबायला कोरड्यात आणखी १८ मीटर, ओल्यात ३५ मीटर लागतात. रात्री वळणावर दिव्यांचा झोत सरळ जातो आणि रस्ता वळतो. जेवढा रस्ता दिसतो त्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवणे, हे एक सूत्र लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

तार्क्विनी आणि घाटातला बसचालक या दोघांनाही μ, g आणि r तेच असतात. एकाचे काम मर्यादेला जाऊन भिडण्याचे, दुसऱ्याचे तिच्यापासून भरपूर अंतर राखण्याचे. पण मर्यादा कोठे आहे हे दोघांनाही नेमके ठाऊक असावे लागते. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना दोऱ्याला खोडरबर बांधून एक लंबक खिडकीपासून दूर धरायला सांगावे आणि वळणावर तो उभ्या रेषेपासून किती अंश कलतो ते कोनमापकाने मोजायला लावावे. त्या कोनाची टॅन किंमत म्हणजे v²/rg. ती ०.२ च्या आसपास किंवा खाली राहिली, तर आपला चालक ओल्या रस्त्याच्या मर्यादेच्याही निम्म्यातच बस चालवतो आहे असे समजावे, आणि शेंडीला उतरल्यावर मुलांनी त्याला ते मोजमाप दाखवून त्याचे आभार मानावेत.